विम्बल्डनचा १९८८ चा एफए कप नेमका कोणत्या क्लबचा मानायचा?

मंगळवार पेठ, कोल्हापूर यांचा प्रश्न:
एफए कप या इंग्लंडमधील बाद फेरीच्या फुटबॉल स्पर्धेच्या १९८८ च्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलला १-० ने हरवणारा दक्षिण लंडनमधला विम्बल्डन संघ २००३ मध्ये लंडनबाहेरच्या मिल्टन कीन्स शहरात गेला आणि पुढच्या वर्षी त्याचे नाव एमके डॉन्स झाले. दुसरीकडे एएफसी विम्बल्डनही खेळतो आहे. मग लॉरी सांचेझचा तो गोल आणि डेव्ह बीझंटने अडवलेली जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी कोणाच्या इतिहासात धरायची?

रंकाळाकाठ:
कागदोपत्री लीगमधली जागा एमके डॉन्सकडे गेली, हे खरे आहे. मात्र क्लबचे मूळ पाहावे. १८८९ मध्ये स्थापन झालेला हा क्लब अनेक दशके हौशी खेळाडूंच्या बळावर चालला, १९७७ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये आला आणि अवघ्या नऊ वर्षांत सर्वोच्च विभागात पोहोचला. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीनंतरच्या टेलर अहवालाने मोठ्या क्लबांना सर्व प्रेक्षकांसाठी आसनांची सक्ती केली, तेव्हा प्लाउ लेनचे जुने मैदान सुधारण्याऐवजी व्यवस्थापनाने १९९१ मध्ये क्रिस्टल पॅलेस या दुसऱ्या क्लबच्या मैदानात भाडेकरू होणे पत्करले. माझ्या मते खरे नुकसान तिथेच झाले, कारण घर सुटलेला संघ कुठेही हलवता येतो. २८ मे २००२ रोजी फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या आयोगाने स्थलांतराला दोन विरुद्ध एक मतांनी मान्यता दिली. आपल्या एखाद्या तालमीचा संघ पेठेला न विचारता कराडच्या नावाने उतरवला, तर शाहू स्टेडियमवर जे वाटेल, तेच विम्बल्डनच्या लोकांना वाटले.

खंडोबा समर्थक:
वरील माहितीला जोड देतो. निर्णयानंतर काही आठवड्यांतच समर्थकांनी स्वतःचा क्लब, म्हणजेच एएफसी विम्बल्डन, उभारला, विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या मैदानावर निवड चाचणी घेतली आणि नवव्या स्तरापासून सुरुवात केली. हा संघ फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात लीगचे सलग ७८ सामने अपराजित राहिला. २०११ मध्ये ल्यूटनला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तो फुटबॉल लीगमध्ये पोहोचला, तर नोव्हेंबर २०२० मध्ये जुन्या मैदानाजवळच बांधलेल्या नव्या प्लाउ लेनवर परतला. क्लबची मालकी आजही प्रामुख्याने समर्थकांच्या ट्रस्टकडे आहे.

जुना राजवाडा:
मूळ प्रश्नाचे उत्तर २००७ मध्येच मिळाले आहे. समर्थक संघटनांच्या मध्यस्थीने झालेल्या समझोत्यानुसार एमके डॉन्सने जुन्या इतिहासावरील हक्क सोडला आणि एफए कपच्या प्रतिकृतीसह स्मृतिचिन्हे विम्बल्डन ज्या मर्टन भागात येते, तेथील नगर प्रशासनाकडे सुपूर्द केली. त्यामुळे सांचेझचा गोल विम्बल्डनच्याच खात्यात धरावा. एमके डॉन्सचा इतिहास २००४ पासून मोजावा.