धागा: तुमच्या कारखान्यात 'पर्यावरणपूरक' बदल नक्की कुणामुळे झाला?

पिवळा_बोल्ट
काल बाबांची जुनी प्रिया स्कूटर खोलली. आतून पिवळ्या झिंकचा (जस्ताचा मुलामा दिलेला) बोल्ट निघाला, इंद्रधनुष्यी झाक तशीच. भोसरीतलं प्लेटिंग शॉप आठवलं. ती झाक हेक्सा क्रोमची, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाची. जुन्या प्लेटर मामांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलेलं, सगळ्यांना माहीत होतं. टाकी काही बदलली नाही. मग गिऱ्हाइकाचं पत्र आलं : युरोपात १ जुलै २००७ पासून गाडीच्या गंजरोधक थरात हेक्सा बंद, ट्रायवर (कमी विषारी क्रोमवर) या नाहीतर ऑर्डर दुसरीकडे. चार महिन्यांत सगळी लाइन बदलली! तुमच्याकडे?

शिरोलीकर
आमच्या फाउंड्रीत क्युपोला (कोकवरची भट्टी) काढून इंडक्शन (विजेची) घेतली. कोकचा भाव, आणि इंडक्शनमध्ये मेटलची केमिस्ट्री हातात राहते. धूर गेला तो वरकड फायदा. मालक लाइटबिल आलं की अजून क्युपोलाच्या आठवणी काढतात 😄

मीनल
प्रिया!! फोटो टाका ना. आमची निळी होती. (विषयांतर, सॉरी, कुकर लावलाय)

सूत_आणि_साबण
इचलकरंजी. सासऱ्यांचं कापड रंगवायचं डाइंग. १९९४ ला जर्मनीने काही अ‍ॅझो रंग (कापडाचे रासायनिक रंग) बंद केले तेव्हा एक्स्पोर्टवाले पळत आले, रंग बदलले. पंचगंगेत मासे मेले की मात्र नोटीस, चार दिवस बंद, परत चालू.

उसाचा_पाला
आमच्या विहिरीला डिस्टिलरीचं लाल पाणी लागलं होतं. दहा वर्षं अर्ज केले. आता तिथेच ते सांडपाणी (स्पेंटवॉश) आटवून बॉयलरला जाळतात, राखेतलं पोटॅश खत म्हणून विकतात. विकता येतं कळल्यावर घाण 'माल' झाली. विहीर अजून तशीच.

शिरोलीकर
@उसाचा_पाला वाईट वाटलं दादा. पाणी तपासून घेतलं का?

उसाचा_पाला
घेतलं. पिण्याचं टँकरचं.

मीनल
प्लेटर मामांचं पुढे काय झालं?

पिवळा_बोल्ट
लाइन बदलायच्या आधीच रिटायर झाले. वास येत नाही म्हणायचे, त्यामुळे आमटी करपली तरी गुपचूप खायचे. शिवाय ट्रायमुळे ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये) बायसल्फाइट घालून हेक्साचं ट्राय करायचं काम वाचलं. हा हिशेब आधी कुणी मांडलाच नव्हता.

मीनल
🙏 आणि बोल्ट?

पिवळा_बोल्ट
तोच परत बसवला. नवा पांढरा आणला होता, पण मिस्त्री म्हणाला पिवळाच टिकतो.