पट्टेरी बास: धरून सोडावा, की एक घेऊन घरी यावं?

खाडीकाठचा (मूळ धागा)

न्यू जर्सीत एडिसनला राहतो. गेली अकरा वर्षं ऑक्टोबर लागला की माझे शनिवार-रविवार सँडी हूकच्या आतल्या अंगाला, खाडीच्या उथळ पाण्यात जातात. फ्लाय रॉड (पिसा-केसांचं नकली आमिष, म्हणजे 'फ्लाय', फेकायची काठी) घेऊन स्ट्राइप्ड बास, म्हणजे पट्टेरी बास, धरतो आणि सोडून देतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हा मासा समुद्रात राहतो, पण अंडी घालायला वसंतात नदीच्या गोड्या पाण्यात चढतो. चेसापीक बेच्या नद्या, हडसन आणि डेलावेअर ही त्याची मुख्य बाळंतपणाची ठिकाणं. उन्हाळा तो मॅसॅच्युसेट्स, मेनच्या थंड पाण्यात काढतो आणि पाणी गार व्हायला लागलं की किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला निघतो. नेमकं तेव्हाच खाड्यांत उन्हाळाभर वाढलेली बंकरची पिल्लं (बंकर हा आपल्या तारलीच्या कुळातला) आणि बे अँचोव्ही (मांदेलीचे चुलत भाऊ समजा) ओहोटीबरोबर बाहेर पडू लागतात. बास त्यांच्या वाटेवर टपून बसतात.

मागच्या शनिवारी पहाटे वारा पडला होता. पन्नास-साठ फुटांवर पाणी उकळल्यासारखं दिसलं आणि वर कुरव पक्ष्यांचा गलका. क्लाउझर मिनो नावाची पांढरी-पोपटी फ्लाय फेकली, ती बुडेपर्यंत तीन मोजले आणि डाव्या हाताने दोरी खेचू लागलो. तिसऱ्या खेचीला दोरी जागीच अडली आणि मग बोटांतून सळसळत बाहेर पळाली. सकाळी नऊपर्यंत चौदा मासे लागले. चौदाही सोडले.

संध्याकाळी एका घरगुती जेवणात हे सांगितलं, तर एक मित्र म्हणाला, "एकही आणला नाहीस? मग त्या मुक्या जिवांना छळायला गेला होतास का?" त्याने स्वतः त्याच आठवड्यात बोटीवरून एक नेला होता, नियमात बसणारा. मला ते फार लागलं. माझं मत असं: आज या माशाची स्थिती वाईट आहे, तेव्हा ज्याला सोडता येतो त्याने सोडावा. तुम्हाला काय वाटतं?

चेसापीकवाला

मेरीलँडला राहतो, मीही गळ टाकतो, म्हणून स्पष्ट लिहितो. राग मानू नका.

किनाऱ्यावरच्या राज्यांचा जो सामाईक मत्स्य आयोग आहे, तो सोडलेल्या बासपैकी 9 टक्के मरतात असं धरून हिशोब करतो. चौदाचे नऊ टक्के काढा. एक आणि वर थोडं. म्हणजे मित्राने एक मारला आणि तुम्हीही साधारण एक मारलात. त्याचा कढईत गेला, तुमचा खेकड्यांनी खाल्ला.

हे एकट्या तुमच्यापुरतं नाही. 2020 साली हौशी मंडळींनी घरी नेलेल्या बासपेक्षा सोडल्यावर मेलेले बास जास्त भरले होते. आपण सगळे "मी तर सोडतो" असं म्हणत दिवसाला वीस-वीस धरतो, त्याचा हा परिणाम. 2019 पासून आमच्याकडे पिल्लांची मोजणी वर्षामागून वर्ष पडलेली येते आहे. नदीकाठी जाळं ओढून मोजतात. 2023 मध्ये दर ओढीला सरासरी एक पिल्लू आलं, जिथे दीर्घकाळची सरासरी अकराच्या आसपास आहे. अशा वेळी प्रश्न मासा ताटात गेला की पाण्यात, हा नाही. किती माशांच्या तोंडात गळ गेला, हा आहे.

खाडीकाठचा

राग नाही. पण 9 टक्के ही सबंध किनाऱ्याची, सगळ्या ऋतूंची, सगळ्या प्रकारच्या गळांची सरासरी आहे. जुलैत तुमच्याकडच्या कोमट, कमी खाऱ्या पाण्यात, आमिष गिळलेला मासा आणि ऑक्टोबरात पंधरा-सोळा अंशांच्या खाऱ्या पाण्यात ओठाला फ्लाय लागलेला मासा यांना एकच आकडा कसा लावता? कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, दमलेला मासा तिथे सावरत नाही. म्हणूनच तुमच्या राज्याने भर उन्हाळ्यात काही दिवस या माशाला नुसता गळ टाकायलाही बंदी घातली. फ्लाय मासा सहसा गिळत नाही, एकच गळ असतो, आणि त्याचा उलटा काटा मी घरीच पक्कडीने दाबून सपाट करतो.

रेवदंड्याची_लेक

मी मासेमारी करणाऱ्या घरातली. लग्नानंतर पुण्यात. वडिलांची होडी होती. तुमचा धागा दोनदा वाचला, कारण पहिल्या वाचनात संताप आला होता.

दादा, आमच्याकडे दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. त्या नारळामागे एक भावना आहे: तू देतोस म्हणून आम्ही घेतो. घेतलं तर खायचं, वाटायचं, उरलं तर सुकवायचं. आणलेला मासा वाया गेला तर आजी दिवसभर बोलायची नाही. जो घ्यायचाच नाही, त्याला फक्त ओढ अनुभवायला ओढायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. पाणी पंधरा अंश असलं तरी पटत नाही. मासा किती टक्के मरतो हा एक प्रश्न झाला. तो जिवाच्या आकांताने पळत असतो तेव्हा आपल्याला आनंद होतो, हा दुसरा. त्याचं उत्तर आकड्यात नाही.

एक मात्र विचारते. तुमचा बास आमच्या जिताड्यासारखा दिसतो. जिताडा उलट्या दिशेने जातो, गोड्या-मचूळ पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला खाऱ्याकडे उतरतो. मोठा जिताडा ही बहुतेक मादीच असते, लहानपणी नर, मग मादी. तुमच्याकडे मोठ्या माद्यांना वाचवायला काही आहे का?

चेसापीकवाला

ताई, आहे. समुद्राच्या बाजूला दिवसाला एकच मासा नेता येतो आणि तोही 28 ते 31 इंच, म्हणजे साधारण 71 ते 79 सेंटिमीटर. त्याहून मोठा लागला तर सोडावाच लागतो. आधी वरची मर्यादा 35 इंच होती. 2015 साली जन्मलेली एक भरघोस पिढी त्या मापात आली आणि 2022 मध्ये धडाधड नेली गेली, म्हणून 2023 च्या मे महिन्यात तातडीने मर्यादा खाली आणली.

पण यात एक गोम आहे. 31 इंचांवरच्या मादीवर गळ टाकायला बंदी नाही, फक्त न्यायला आहे. फोटोसाठी याच माद्या सगळ्यांना हव्या असतात. 1985 ते 1990 मेरीलँडने हा मासा धरणंच पूर्ण बंद केलं होतं, तेव्हा कुठे 1995 ला तो सावरल्याचं जाहीर झालं. माझं मत आजही तेच आहे. काही वर्षं सगळ्यांनीच हात आवरावा, सोडणाऱ्यांनीसुद्धा.

श्टुटगार्टहून

जर्मनीत प्राणीसंरक्षण कायदा सांगतो की सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना देता येत नाही. खाणं हे सबळ कारण, नुसती मौज नाही. त्यामुळे पहिल्यापासून सोडायच्याच इराद्याने मासा धरणं इथे अडचणीचं ठरतं. गळाचा परवाना काढताना मासा कसा मारायचा हेही शिकावं लागलं. रेवदंड्याच्या ताईंशी पूर्ण सहमत.

गळवेडा

मी उलट बाजूने लिहितो. पूर्ण बंदी घाला म्हणणं सोपं आहे. पण या खाड्यांसाठी भांडतं कोण? सभांना जाऊन बसतं कोण? पहाटे चारला उठून त्या पाण्यात कमरेइतके उभे राहणारेच ना? त्यांना पाण्यापासून तोडलंत तर पुढच्या वेळी बंकरची पिल्लं कमी झाली हे कळणार कुणाला? मी नोव्हेंबरात लाँग आयलंडला जातो. तिथल्या खाडीत पाणी कधी गढूळ झालं, पक्षी कधी आले, हे मला माझ्या वाढदिवसासारखं पाठ आहे. ते ज्ञान किनाऱ्यावर बसून येत नाही.

मात्र फ्लायवाल्यांनाही एक सांगायचंय. सात-आठ नंबरच्या हलक्या काठीवर मोठा बास दहा-दहा मिनिटं खेळवणं हा पराक्रम नव्हे. दहा नंबरची काठी घ्या, दोरीच्या टोकाचा धागा जाड लावा आणि लवकर आत आणा. अवांतर: त्याला कोरड्या वाळूवर ठेवून फोटो काढणारे पाहिले की माझं डोकं फिरतं.

खाडीकाठचा

ताई, तुमच्या प्रतिसादाला चार दिवस उत्तर सुचलं नाही. आज लिहितो.

काल पुन्हा गेलो होतो. पहिला मासा आला. पाण्यातच ठेवला, खालच्या जबड्यात अंगठा घातला. त्याचे दात खरकागदासारखे असतात, संध्याकाळपर्यंत अंगठा चुरचुरत राहतो. अंगावर सात-आठ काळ्या रेघा, पाठीकडे हिरवट, आणि उजेड तिरका पडला की पोटाकडे जांभळी झाक. तोंड प्रवाहाकडे धरून उभा राहिलो. कल्ले हलत होते, तो मात्र हलत नव्हता. पूर्वी हा क्षण मला सगळ्यात आवडायचा. काल पहिल्यांदा मी मोजत होतो. चाळीसपर्यंत मोजलं तेव्हा त्याने शेपटी मारली, माझा अंगठा सोडवून घेतला आणि गेला.

तो जगला का, मला माहीत नाही. चौदातला कुठला मेला, तेही नाही. तुमचा दुसरा प्रश्न खरा आहे आणि त्याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. तो पळतो तेव्हा मला आनंद होतो, हे कबूल करतो. गळ पूर्ण सोडायची मात्र माझी तयारी नाही, तेही खोटं बोलणार नाही. काल तीन माशांनंतर दोरी गुंडाळली. समोर पाणी अजून उकळत होतं. वाळूवर बसून तासभर नुसतं बघितलं.

चेसापीकवाले, तीनचे नऊ टक्के तुम्हीच काढा.

चेसापीकवाला

काढले. पाव मासा. मला शून्य हवा आहे, पण चौदापेक्षा हे पुष्कळ बरं. तुमच्याबरोबर येणाऱ्यांनाही तीनवर थांबवता येईल का?

रेवदंड्याची_लेक

दादा, एखादा नियमातल्या मापाचा लागला तर एकदा तरी घरी आणा आणि खा. आगळ घालून, बाकी काही नको. पण तिकडच्या खाडीतले मासे लहान मुलांना, गरोदर बायकांना चालतात का, ते आधी बघून घ्या.

खाडीकाठचा

पाहिलं ताई. हडसनमध्ये कारखान्यांनी वर्षानुवर्षं सोडलेलं पीसीबी हे विषारी रसायन या माशाच्या चरबीत साठतं, म्हणून मुलांनी आणि गरोदर बायकांनी खाऊ नये अशी सरकारी सूचना आहे. घरी मुलगी सहा वर्षांची आहे. एक आणीन, माझ्यापुरता.