बसायचा वॉकर घरात नकोच, आणि पांगुळगाडाही तपासूनच. पटतंय का?

रानजाई

बारसं, उष्टावण, पहिला वाढदिवस, यांतल्या एका तरी आहेरात गोल वॉकर येतोच. मधे कापडी आसन, खाली सहा-आठ चाकं, पुढे गाणी म्हणणारा ट्रे. माझं मत असं की तो वापरूच नये.

पहिलं कारण वेग. चाकांवर बसलेलं आठ-नऊ महिन्यांचं बाळ सेकंदाला तीन फुटांहून जास्त अंतर कापू शकतं. तुम्ही कुकरची शिटी काढून वळेपर्यंत ते खोलीच्या पलीकडे गेलेलं असतं, त्यामुळे 'आम्ही लक्ष ठेवतो' या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात १५ महिन्यांखालच्या सुमारे २ लाख ३० हजार बाळांना वॉकरच्या दुखापतींसाठी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावं लागलं. त्यांतल्या ९० टक्क्यांहून जास्त दुखापती डोक्याला-मानेला होत्या, आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश बाळं जिन्यावरून पडलेली. कॅनडाने २००४ मध्ये विक्रीच बंद केली, वापरलेला वॉकर विकायलाही मनाई आहे.

दुसरं कारण चालणं. आसनात लोंबकळणारं बाळ चवड्यांनी जमीन मागे ढकलतं. टाच टेकत नाही, वजन कापड पेलतं, ट्रेमुळे स्वतःचे पाय दिसत नाहीत. तोल जाणं, बुडावर आपटणं, गुडघ्यावर येऊन परत उठणं हा सगळा सराव बुडतो. 'चालायला शिकवणारी गाडी' म्हणून विकतात, पण ती शिकवते ढकलायला.

कोकणकडा

आकडे खरे असतील, पण ते तिथल्या घरांचे. तिकडे तळघर असतं, घरातल्या घरात लाकडी जिना असतो. आपल्याकडे वन बीएचकेत जिना दाराबाहेर, आणि दार बंद. ज्या अपघातासाठी कॅनडाने बंदी घातली त्याची जागाच इथे नाही.

आणि एक साधी गोष्ट कुणी बोलत नाही. घरात बाई एकटी, कणीक मळायची आहे, बाळ रांगत थेट ओट्यापाशी येतं. वीस मिनिटं ते कुठे ठेवायचं? वॉकरला नाही म्हणणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

तिरकस

चालण्याचा मुद्दा जरा फुगवलाय. आयर्लंडमधल्या २००२ च्या अभ्यासात दर २४ तासांच्या वॉकर-वापरामागे एकटं चालणं साधारण ३.३ दिवसांनी लांबलेलं दिसलं. रोज अर्धा तास धरा, तीन महिने. झाले ४५ तास, म्हणजे जेमतेम सहा दिवसांचा उशीर. एवढ्यासाठी गजहब? शिवाय दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळेच दुसरी झाली असं होत नाही.

वेगाचा मुद्दा मात्र मान्य. तोच पुरेसा आहे, दुसऱ्या कारणाची भर कशाला?

घरटं

कोकणकडा, जिना नाही म्हणता, तर फ्लॅटमधलं न्हाणीघर बघा. तिथली फरशी बाहेरच्यापेक्षा दोन-तीन इंच खाली असते आणि दाराला दगडी पट्टी. वॉकरची पुढची चाकं जेमतेम दोन इंचांची. पट्टी ओलांडून ती खाली घसरली की बाळाचं सगळं वजन ट्रेवर येतं आणि वॉकर नाकावर पालथा होतो. समोर काय असतं? नळ, किंवा भरलेली बादली. बादलीत चार बोटं पाणी असलं तरी बाळ बुडू शकतं, कारण या वयात डोकं जड असतं आणि एकदा आत गेलं की त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. गावाकडे तर पडवी, ओटी, माजघर सगळं वेगवेगळ्या पातळीवर, आणि मधे उंबरठे.

दुसरं, हाताची पोच. रांगणाऱ्या बाळाचा हात टीपॉयच्या कडेपर्यंत कसाबसा जातो. वॉकरमधलं बाळ उभ्या उंचीवर असतं आणि चाकांमुळे अगदी जवळ येतं. चहाचा ट्रे, लोंबणारा टेबलक्लॉथ, इस्त्रीची वायर, खाली ठेवलेली तेवती समई, सगळं हाताशी. भाजण्याचे अपघात असे होतात, त्याला जिना लागत नाही.

सुतारपक्षी

शीर्षकात पांगुळगाडा आहे आणि कुणी त्याबद्दल बोलतच नाही. तीन चाकांचा, बाळाने मागे उभं राहून मूठ धरून ढकलायचा. हा वॉकरच्या पंगतीत बसत नाही, कारण वजन बाळाच्या स्वतःच्या पायांवर असतं. सावंतवाडीच्या चितारआळीसारख्या ठिकाणी लाकडी खेळण्यांचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, पण नुसतं लाकडी म्हणून गाडा सुरक्षित ठरत नाही. जुना गाडा सारवलेल्या जमिनीवर चालायचा. शेणामातीची जमीन चाकाला धरून ठेवते. तोच गाडा व्हिट्रिफाइड टाइल्सवर ठेवा, सुसाट पळतो आणि मागे बाळ तोंडावर.

घ्यायच्या आधी ओळंबा लावून बघा. दोऱ्याला किल्ली बांधा आणि मुठीच्या मधोमध सोडा. किल्ली मागच्या दोन चाकांच्या आसापेक्षा निदान चार बोटं पुढे, पुढच्या चाकाकडे आली पाहिजे. आसाच्या मागे, म्हणजे बाळाच्या बाजूला आली, तर गाडा परत ठेवा. बसलेलं बाळ मूठ धरून उठतं तेव्हा सगळं वजन मुठीला लटकतं, आणि असा गाडा त्याच्याच अंगावर येतो.

मग मागच्या चाकांना पाचर लावून मूठ आडवी आपल्याकडे ओढा. पुढचं चाक सहज उचललं गेलं तर पुढच्या फळीवर दोन-तीन किलोची वाळूची पिशवी पट्टीने आणि स्क्रूने पक्की करा. दोरीने बांधू नका, सैल दोरी म्हणजे वेगळंच संकट.

टाइल्ससाठी सायकलच्या जुन्या ट्यूबचे कडे कापून चाकांवर ताणून चढवा. आसाच्या टोकाला वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज ढिला न होणारा) घाला, चाक बोटाने फिरवल्यावर एका फेऱ्याच्या आत थांबेल इतपत आवळा. साधा नट आठवड्याभरात ढिला होतो. मूठ बाळाच्या छातीच्या जरा खाली यावी, साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर. वर असेल तर ते चवड्यांवर जातं, खाली असेल तर वाकतं.

हलणाऱ्या भागांमधल्या फटीही बघा. ५ मिलिमीटरपेक्षा कमी चालेल, १२ पेक्षा जास्त चालेल, मधली फट म्हणजे बोटाचा सापळा.

तिरकस

आणि रंग? बाळ मूठ आधी चाखतं, मग धरतं.

सुतारपक्षी

बरोबर. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा आपल्याकडे ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, आहे, पण जुन्या गाड्यावर कुठला रंग होता हे कोण सांगणार? आजोबांच्या वेळचा गाडा असेल तर मूठ तरी नवीन बसवा. जुना रंग घरात घासून काढू नका, ती धूळ रंगापेक्षा वाईट. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, मात्र नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या मालाला त्यातून सूट आहे. त्यामुळे चिन्ह नाही म्हणून कारागिराचा गाडा बेकायदा ठरत नाही. फक्त तपासणी आपल्यावर येते.

रानजाई

यात एक भर. पांगुळगाडा बाळ फर्निचर धरून स्वतः उभं राहून कडेकडेने चालायला लागल्यावरच. त्याआधी त्याला मुठीशी उभं करून ठेवणं म्हणजे वॉकरचाच दुसरा प्रकार. आणि अनवाणी. मोजे घातले की टाइलवर घसरतं.

कोकणकडा

बरं, बादलीचं पटलं. तरीही आहेरात आलेला वॉकर लोक वापरणारच, तर निदान बघायचं काय ते सांगतो. वॉकर उलटा करा. खालच्या कडेला रबरी पट्ट्या आहेत का? चाक कडेवरून खाली गेलं की पट्टी जमिनीला टेकून वॉकर थांबायला हवा. नसतील तर विषय संपला. असतील तर आसनात आठ-दहा किलोचं तांदळाचं पोतं ठेवून पायरीकडे ढकला. पुढची चाकं खाली गेल्यावर जागीच थांबला तर ठीक. पट्ट्यांवर धूळ बसली की त्या घसरतात, ओल्या फडक्याने पुसत जा. आसनाची उंची पूर्ण तळवा टेकेल इतकी. घडी घालायचं कुलूप दोनदा दाबून बघा. न्हाणीघराचं दार कडीने बंद, बादल्या रिकाम्या. आणि एका वेळी पंधरा मिनिटं, बास.

घरटं

एवढं सगळं करणारं घर वॉकरशिवायही सांभाळू शकतं! वीस मिनिटांचं उत्तर देते. चौकोनी प्लेपेन (बाळाला आत ठेवायचं कुंपण), किंवा ओट्यावरून दिसेल अशा कोपऱ्यात जमिनीवर सतरंजी आणि दोन उघड्या बाजूंना भिंतीला पक्की केलेली जाळी. आत दोन वाट्या, एक लाकडी चमचा. बाळ बसायला लागलं असेल तर पट्ट्यांची उंच खुर्ची, पण दोन पायांमधून येणारा पट्टाही लावायचा, नुसत्या कमरपट्ट्याखालून ते सरकतं. खुर्ची ओट्यापासून आणि भिंतीपासून हातभर लांब, नाहीतर पाय रेटून ते मागे उलटतं. घरात जिना असेल तर वरच्या टोकाला स्क्रूने बसवलेलं फाटक. दाबून बसणारं फाटक फक्त खालच्या टोकाला, वर ते धक्क्याने सुटतं.

तिरकस

आणि आलेल्या आहेराचं काय? मावशी दर रविवारी विचारणार, "वॉकर आवडला का गं बाळाला?"

रानजाई

मावशींना सांगायचं, डॉक्टर नको म्हणाले. ते खोटंही नाही, बहुतेक बालरोगतज्ज्ञ नकोच म्हणतात. कुणाला देऊन टाकू नका, विकूही नका. चाकं काढा, आसनाचं कापड कात्रीने उभं फाडा, मगच भंगारवाल्याला.

कोकणकडा

चांगल्या वस्तूला कात्री लावायची? आमच्या घरी तरी नाही होणार. पट्ट्या असलेला वॉकर मी वापराच्या यादीतून काढत नाही, पांगुळगाडा मात्र ओळंबा लावूनच घेणार.