मदत हवी आहे: एकांकिकेत अचानक भूमिका मिळाली, अभिनयाची सुरुवात कुठून करू?

नवीन_एन्ट्री:

नमस्कार मंडळी. मी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजच्या नाट्यमंडळात नाव दिलं होतं ते बॅकस्टेजसाठी. पण वाचनाच्या दिवशी एक मुलगी आली नाही, तिची वाक्यं मी वाचली आणि भूमिका माझ्याच गळ्यात पडली. धाकट्या बहिणीचं काम आहे. मोठी बहीण घर विकायचं ठरवून आलेली असते. धाकटीला ते मान्य नसतं, पण तोंडाने ती "माझं काही म्हणणं नाही" एवढंच म्हणते. हे वाक्य संहितेत तीनदा येतं आणि तिन्ही वेळा मी ते सारखंच म्हणते, अशी सगळ्यांची तक्रार आहे.

बसून वाचन चालू होतं तोवर बरं चाललं होतं. तालीम उभी राहिली आणि मला माझेच हात जड व्हायला लागले. समोरची बोलत असताना या दोन हातांचं करायचं काय? आमचा दिग्दर्शक (सिनियरच आहे) एकदा ओरडतो, "अ‍ॅक्टिंग करू नकोस!" आणि पुढच्याच मिनिटाला, "अगं, चेहऱ्यावर काहीतरी येऊ दे!" आवाज मागपर्यंत पोचत नाही, वाढवला की भांडखोर वाटतो. शेवटी रडायचं आहे, तेही येत नाही. एक मैत्रीण म्हणाली, घरातलं कोणीतरी गेलंय असं मनात आण. मला ते करावंसं वाटत नाही.

शिबिर, कार्यशाळा वगैरे आत्ता जमणार नाही, प्रयोग जवळ आला आहे. घरी आणि तालमीत काय करता येईल ते सांगा, प्लीज.

विंगेतून:

तुझ्या दिग्दर्शकाची दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध नाहीत, त्याला फक्त नीट सांगता येत नाहीये. तू बहुधा "मी दुखावले आहे" हे दाखवायला जातेस. ते दाखवणं त्याला नकोय. त्याला हवंय ते समोरच्या बहिणीचं ऐकताना आपसूक चेहऱ्यावर उमटणारं. तिचं बोलणं चालू असताना तू मनात आपलं पुढचं वाक्य घोकत असशील तर काहीच उमटणार नाही.

रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की (१८६३-१९३८) यांनी नटांसाठी जी पद्धत बांधली, तिची सुरुवात साध्या प्रश्नांपासून होते. मी कोण, कुठे आहे, या दारातून आत येण्याआधी काय करत होते, आणि समोरच्याकडून मला काय हवंय? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. त्याचं उत्तर करता येईल असं दे. "मी दुःखी आहे" हे उत्तर नटाच्या उपयोगाचं नाही, कारण दुःखी असणं ही काही करायची गोष्ट नाही. "तिला थांबवायचंय" हे करता येतं.

आता तुझं वाक्य घे. पहिल्यांदा म्हणताना तुला हवंय की तिने विचारावं, असं का बोलतेस? मग तू वाक्य टाकशील आणि वाट बघशील. वाक्य संपलं तरी नजर तिच्यावरच राहील. दुसऱ्यांदा तुला तिला टोचायचंय. तेव्हा "माझं"वर जरासा भार येईल आणि बाकीचं वाक्य थंड पडेल. तिसऱ्यांदा तुला विषयच संपवायचाय. कदाचित तू तिच्याकडे बघणारही नाहीस, तिची बॅग उचलून दाराशी ठेवशील आणि पाठमोरीच बोलशील. हे मी माझ्या मनाने रचलं, तुमच्या संहितेत वेगळं काही बसेल. पण तीन वेळांचे तीन हेतू ठरव, सूर मात्र ठरवू नकोस. सूर आधीच ठरवलास की चार तालमींत त्याची पोपटपंची होते.

खडूस_प्रेक्षक:

मागच्या रांगेतल्या जनतेतर्फे दोन शब्द. हेतूबितू सगळं ठीक आहे, पण ऐकूच आलं नाही तर त्या हेतूचं आम्ही काय लोणचं घालायचं? भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनय चार प्रकारचा सांगितलाय: आंगिक (अंगाच्या हालचालींचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (आतून उमटणाऱ्या भावाचा). नवीन पोरं थेट सात्त्विकाकडे धाव घेतात आणि वाचिकाला कोणी वाली उरत नाही.

जोरात बोलणं वेगळं आणि आवाज पोचवणं वेगळं. घशातून रेटलेला आवाज चिरका होतो, म्हणून तो भांडल्यासारखा वाटतो. घरी पाठीवर झोप, पोटावर एखादं जाड पुस्तक ठेव. श्वास घेताना पुस्तक वर आलं पाहिजे, खांदे नाही. सोडताना "स्स्स" असा एकसारखा, न थरथरता लांबव. ते जमलं की त्याच श्वासावर वाक्य म्हण, आणि मग उभी राहून म्हण. उभं राहिल्यावर खांदे वर जायला लागले तर समजायचं, श्वास पुन्हा छातीत अडकला.

आणि एक खास आपल्या भाषेतली अडचण. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, बहुतेक वेळा नकारही शेवटीच. नवख्या नटाचा श्वास नेमका तिथे संपतो आणि आवाज पडतो. "माझं काही म्हणणं..." एवढंच आमच्यापर्यंत येतं आणि आम्ही बसतो विचार करत, हिचं म्हणणं आहे की नाही! तालमीत एका मैत्रिणीला सगळ्यात मागे बसव. वाक्याचा शेवटचा शब्द तिला पोचला नाही की तिने नुसता हात वर करायचा, बोलायचं नाही. दोन-तीन तालमींत तुलाच कळेल कुठे पडतोस ते.

(पडतेस. सवयीने लिहिलं, राग नको.)

बोलण्याआधी सारखं खाकरत असशील तर तेही सोड. त्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. घोटभर पाणी पी, तोंड मिटून हलकं गुणगुण, बास.

तिसरी_घंटा:

हातांचा प्रश्न प्रत्येकाला पडतो. अमेरिकेत व्हायोला स्पोलिन (१९०६-१९९४) नावाच्या बाई होऊन गेल्या, नाट्यखेळांमधून अभिनय शिकवणाऱ्या. त्यांचा एक अगदी प्राथमिक खेळ तुमच्या ग्रुपमध्ये करून बघा. अर्ध्या जणांनी रंगमंचावर नुसतं उभं राहायचं, उरलेल्यांनी समोर बसून त्यांच्याकडे बघायचं. थोड्याच वेळात कोणी फिदीफिदी हसतं, कोणी ओढणी सारखी करतं, कोणाचे हात खिशात जातात. सगळे पुरेसे अवघडले की त्यांना काम द्यायचं: समोरच्या खुर्च्या मोजा, छताचे पंखे मोजा. बघणारे तेच, जागा तीच, पण अवघडलेपण बघता बघता ओसरतं. मग अदलाबदल करा, म्हणजे दोन्ही बाजू कळतात.

म्हणजे दोष हातांचा नाही. लक्षाला काम नसलं की ते स्वतःकडेच वळतं आणि मग हात, पाय, नाक सगळंच नको तेवढं जाणवायला लागतं. तुझ्या धाकटीला त्या प्रसंगात काही काम असू शकतं का? समजा ती शर्टाला बटण लावते आहे. घरी खरी सुई, खरा दोरा घेऊन बस आणि वाक्यं म्हण. सुईत दोरा ओवताना माणसाचं काय होतं ते बघ: मान पुढे झुकते, एक डोळा बारीक होतो, ओठ मिटतात, श्वास क्षणभर थांबतो. नेमक्या त्या वेळी समोरची म्हणाली, "कागद आणलेत, सही करून टाक." दोरा चुकतो. तू मान वर करत नाहीस, दोऱ्याचं टोक पुन्हा ओलं करतेस. दिग्दर्शक ज्या "काहीतरी"साठी ओरडतोय ते हेच.

मागच्या रांगेला सुई दिसणार नाही हे खरं. पण चाललेलं काम थांबलं की ते शेवटच्या माणसालाही कळतं. म्हणून कुठे थांबायचं ते जपून ठरव, दर वाक्याला थांबलीस तर त्याची किंमत जाते. आणि दिग्दर्शकाला विचारल्याशिवाय परस्पर बटणं लावायला बसू नकोस, मूव्हमेंट त्याने बसवलेली असते.

आरशासमोर सराव मात्र टाळ, असं माझं मत. आरसा तुला तुझ्याचकडे बघायला शिकवतो आणि रंगमंचावर तुला बहिणीकडे बघायचंय.

मनातलं_बोलतो:

रडण्याबद्दल माझं थोडं वेगळं मत. मैत्रिणीचा सल्ला अगदीच टाकाऊ नाही. स्वतःच्या आयुष्यातल्या आठवणी वापरून भावना जागी करायची ही रीतसर पद्धत आहे. ली स्ट्रासबर्ग यांनी अमेरिकेत त्यावरच भर दिला. स्वतःचं काहीच घातलं नाही तर भूमिका कोरडी राहते.

विंगेतून:

पद्धत आहे, आणि तिच्यावरून त्यांच्याच लोकांत कडाक्याचे वादही झालेत. स्ट्रासबर्ग ज्या ग्रुप थिएटर या नाट्यसंस्थेत होते, तिथल्याच स्टेला अ‍ॅडलर १९३४ मध्ये पॅरिसला स्तानिस्लाव्हस्कींना भेटल्या, काही आठवडे त्यांच्याबरोबर काम केलं आणि परत येऊन सांगितलं, की भर हवा तो संहितेतल्या परिस्थितीवर आणि कल्पनाशक्तीवर. स्ट्रासबर्ग यांना ते पटलं नाही ही गोष्ट वेगळी. पण नवख्या मुलीने रिकाम्या वर्गात एकटीने बसून घरच्यांना मनातल्या मनात मारून बघायची काही गरज नाही. त्यातून रडू आलंच तर ते त्या माणसासाठीचं असेल, नाटकातल्या घरासाठीचं नसेल. तुला नको वाटतंय ना, मग नको.

त्यापेक्षा त्या घराचं बारीकसारीक ठरव. लहानपणी लपायची जागा कुठली, कुठला दरवाजा पावसाळ्यात फुगतो, बहिणीची आणि तुझी कुठल्या खिडकीवरून भांडणं व्हायची. संहितेत नसलं तरी चालेल, तुला माहीत हवं. आणि शेवटच्या प्रसंगात रडायचा प्रयत्न करू नकोस, रडू आवरायचा कर. माणसं चारचौघांत तेच करतात.

खडूस_प्रेक्षक:

इथे मी विंगेतूनशी सहमत, दुर्मीळ योग आहे. भरताने सात्त्विक भाव आठ सांगितलेत: स्तंभ (ताठरणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभेद (आवाज बदलणं), वेपथू (कापणं), वैवर्ण्य (रंग उडणं), अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं). अश्रू त्यातला फक्त एक, आणि आम्हाला मागून तो दिसतही नाही. अंग ताठरणं, आवाज फाटणं, हात कापणं हे मात्र मागपर्यंत पोचतं. डोळ्यांत पाणी नाही आलं तर आम्ही पैसे परत मागणार नाही.

नवीन_एन्ट्री:

सगळ्यांचे खूप आभार! खुर्च्या मोजायचा खेळ केला. आमचा दिग्दर्शकच सगळ्यात जास्त अवघडला, हे इथे सांगून ठेवते. बटणांऐवजी मला जुनी वर्तमानपत्रं बांधायचं काम मिळालंय, सुतळी खरी आहे.

पहिल्या "माझं काही म्हणणं नाही" नंतर मी बहिणीकडे बघत राहिले, तर तिने संहितेत नसताना एकदम "काय?" विचारलं. मला खरंच उत्तर सुचेना आणि मी गाठ मारायला लागले. दिग्दर्शकाने ते "काय?" ठेवलंय.

आता नवी भानगड. हीच बहीण मधली दोन-तीन वाक्यं गाळून पुढे जाते. माझा क्यू (ज्यावर मी बोलायचं ते तिचं वाक्य) येतच नाही आणि मी ब्लँक होते. प्रयोगात असं झालं तर?

तिसरी_घंटा:

होणारच, धरून चाल. तू बहुधा तिचे शेवटचे दोन शब्द पाठ केले आहेस आणि त्यांची वाट बघत बसतेस. त्याऐवजी ती काय म्हणते आहे ते पाठ कर. या भागात ती पैशाचं बोलते, मग आईचं, मग सहीचं. ती पैशावरून थेट सहीवर गेली तर तुला कळेल तुम्ही कुठे आहात, आणि सहीला जे उत्तर आहे ते तू देशील. आईचा भाग गेला तर गेला. फक्त त्यात पुढच्या कथेला लागणारी माहिती असेल तर तो मुद्दा तुमच्यापैकी कोणीतरी नंतर आणायचा, हे आजच बसून ठरवा.

पाठांतर दोघींनी मिळून करा, सूर न लावता, भरभर, एकीकडे चेंडू एकमेकींकडे टाकत. चेंडू पडला तरी वाक्य थांबता कामा नये. अधूनमधून तिने मुद्दाम वाक्य गाळायचं आणि तू सावरायचं, मग उलट.

आणि तरीही ब्लँक झालीसच तर विंगेकडे बघू नकोस, लोकांना लगेच कळतं. बहिणीकडे बघ, सुतळी ओढ, श्वास घे. तुझ्याकडे तर कुठेही खपणारं एक वाक्य आहेच. फक्त आधी तिला सांगून ठेव, की ते चौथ्यांदा आलं तर पुढे तिने बोलायचंय.