इट्समधला अपॉस्ट्रॉफी
इंग्रजीत मालकी दाखवायची तर अपॉस्ट्रॉफी (’ हे चिन्ह) हवाच, म्हणून मालकीच्या इट्सलाही तो लावावा, असे काहींना वाटते. हा नियम नामांपुरता बरोबर आहे. पुरुषवाचक सर्वनामांच्या मालकीच्या रूपांना तो लावला की चूक होते. हिज, हर्स, अवर्स, देअर्स यांपैकी एकातही हे चिन्ह नाही, मग ‘त्याचे’ या अर्थाच्या इट्समध्ये तरी का असावे? चिन्हासकट इट्स म्हणजे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’, बस. मजकूर तपासताना मी त्या जागी ही दोन्ही रूपे मनात वाचून पाहते. दोन्हींनी वाक्य अडखळले तर चिन्ह काढून टाकते.

आणखी एक गोष्ट म्हणजे हे चिन्ह मुळात मालकीचे नाहीच, गळलेल्या अक्षराचे आहे, आपल्या ‘कोऽपि’मधल्या अवग्रहासारखे. जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांच्या षष्ठीला ‘एस’च्या आधी ‘ई’ही असे. तो ‘ई’ पुढे गळला आणि त्याची खूण मालकीच्या रूपात राहून गेली. १७व्या-१८व्या शतकांत तर मालकीचे इट्सही चिन्हासकट छापलेले सर्रास आढळते. त्यामुळे हे चुकणाऱ्याला अडाणी ठरवणे मला अजिबात पटत नाही.