बाळाची हालचाल मंदावली, एनएसटी चांगली आली. तरी कळा आणायच्या का?

शुभा_फोंडा
चर्चेपुरता एकच प्रसंग घेऊ. पहिलटकरीण, ३९ आठवडे पूर्ण, साखर आणि रक्तदाब ठीक. सकाळपासून बाळ नेहमीसारखं हलत नाही म्हणून तपासायला आली. एनएसटी (बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांचा आलेख) चांगली, सोनोग्राफीत पाणी पुरेसं, वाढही वेळेप्रमाणे. डॉक्टर म्हणतात, दाखल व्हा, कळा आणू. घरचे म्हणतात, सगळं चांगलं आहे तर घाई कशाला?

माझं मत: ३९ पूर्ण असतील तर हो म्हणावं. ठोके ११० ते १६० च्या दरम्यान आहेत आणि २० मिनिटांत निदान दोनदा १५ ठोक्यांनी, १५ सेकंद वर गेले, एवढंच एनएसटीचा कागद सांगतो. ती त्या वेळेची खबर असते, पुढच्या आठवड्याची हमी नसते. वार (प्लॅसेंटा) कमी पडू लागली की बाळ प्राणवायू वाचवायला आधी हालचाल आवरतं. ठोके त्यानंतर बिघडतात. मग ३९ नंतर थांबून बाळाला मिळणार काय?

आणि ‘कळा आणल्या की सिझर ठरलेलंच’ हे तर सोडूनच द्या. अमेरिकेतल्या अराइव्ह चाचणीत (२०१८) सहा हजारांवर पहिलटकरणी होत्या. ३९ व्या आठवड्यात कळा आणलेल्यांमध्ये सिझर १८.६ टक्के, वाट पाहिलेल्यांमध्ये २२.२.

प्रसूतितज्ज्ञ_म्हापसा
शुभाताई, अराइव्हमधल्या बायका कमी जोखमीच्या होत्या, हालचाल कमी झाली म्हणून निवडलेल्या नव्हत्या. या प्रश्नाला जवळची चाचणी अफर्म. ब्रिटन आणि आयर्लंडमधली, २०१८ ला प्रसिद्ध झाली, चार लाखांवर गर्भारपणं. बायकांना हालचालीबद्दल जागरूक करायचं, तक्रार आली की ठरलेली तपासणी करायची आणि गरज वाटल्यास लवकर प्रसूती. मृतजन्म हजारी ४.४० वरून ४.०६ वर आले. फरक इतका लहान की तो निव्वळ योगायोगही असू शकतो. वाढलं काय? कळा आणणं, सिझर, आणि नवजात कक्षात दोन दिवसांहून जास्त राहणारी बाळं.

शिवाय ‘कळा आणू’ म्हणजे एक इंजेक्शन नव्हे. आधी बिशप स्कोअर बघायचा: गर्भाशयाचं तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, मऊ की घट्ट, पुढे की मागे, डोकं किती खाली. १३ पैकी ६ किंवा त्याहून कमी म्हणजे तोंड तयार नाही. मग तोंड मऊ करणारं डायनोप्रोस्टोन जेल ०.५ मिलीग्रॅम, सहा तासांनी पुन्हा, २४ तासांत तीनपेक्षा जास्त नाही. त्यानंतर पाण्याची पिशवी फोडणं आणि सलाईनमधून कळा आणणारं ऑक्सिटोसिन, अगदी थेंबाथेंबाने वाढवत. जेलनंतर सहा तास न थांबता सलाईन लावलं की कळांवर कळा येतात. १० मिनिटांत पाचांहून जास्त कळा आल्या तर दोन कळांमध्ये वारेत रक्त नीट भरत नाही. आणि वारेबद्दलच शंका आहे म्हणून तर आपण हे करतोय!

आरोग्यसेविका_काणकोण
तुम्हां दोघांचंही बोलणं बांबोळीच्या मेडिकल कॉलेजच्या दारात उभ्या असलेल्या बाईला लागू आहे. ‘थांबू या’ म्हणजे आमच्याकडे काय? दोन-तीन दिवसांनी पुन्हा एनएसटी. गावडोंगरीहून ऐन पावसात मडगावला जाऊन यायचं, तेही घरात गाडी असेल तर. वाट पाहणं हा उपचार तेव्हाच, जेव्हा पुढची तपासणी खरोखर होणार असते.

त्याही आधीचं सांगते, कारण उशीर तिथेच होतो. ‘दिवस भरले की बाळ कमीच हलतं’ हे चूक. लाथांऐवजी वळवळ, ताणणं जास्त जाणवेल, पण हालचाल कमी होता कामा नये. चवथीच्या धांदलीत दिवसभर उभं राहून काम केलं तर लक्ष जात नाही, हेही खरं. शंका असेल तर डाव्या कुशीवर आडवं व्हा आणि दोन तास फक्त पोटाकडे लक्ष द्या. १० वेगवेगळ्या हालचाली जाणवल्या नाहीत तर त्याच दिवशी निघा, रात्र असली तरी, १०८ आहे. उचकी मोजू नका. आणि हालचाल उघड कमी किंवा बंद वाटत असेल तर मोजत बसूच नका. थंड सरबत पाजून बघू, सकाळी जाऊ, असं अजिबात नको. ठोके ऐकायची घरगुती यंत्रंही नकोत. आईच्याच नाडीचा आवाज ऐकून घर निर्धास्त होतं.

शुभा_फोंडा
डॉक्टर, कळांवर कळा येतात हे मान्य, पण त्यावर उपाय जेल टाळणं, प्रसूती टाळणं नव्हे. गर्भाशयाच्या तोंडात ठेवायचा फुगा, फोली बलून, आहे ना! ३० ते ६० मिली सलाईन भरून ठेवला की तोंड दाबाने उघडतं, औषध पोटात जात नाही, त्या जास्तीच्या कळांचा धोका कमी. आधीचं सिझर असेल तर मिसोप्रोस्टोल, म्हणजे कळा आणायची गोळी, नकोच. नसेल तरी २०० मायक्रोग्रॅमची गोळी ब्लेडने कापून तुकडे देण्याची पद्धत थांबायला हवी. तुकडे सारखे होत नाहीत. २५ ची गोळी मिळते.

सिझर वाढण्याचं एक कारण अधीरपणाही आहे. पिशवी फोडून ऑक्सिटोसिन सुरू केल्यावर बाळ-बाळंतीण ठीक असतील तर निदान १२ तास तरी ‘कळा फेल’ म्हणू नये.

प्रसूतितज्ज्ञ_म्हापसा
बलूनबद्दल वाद नाही. हालचाल दुसऱ्यांदा मंदावली, बाळ वाढीत मागे आहे, पाण्याचा सर्वांत खोल कप्पा २ सेंटीमीटरच्या आत आहे किंवा नाळेचा डॉपलर (नाळेतल्या रक्तप्रवाहाची तपासणी) बिघडलाय, तर मीही थांबा म्हणणार नाही. डॉपलर फारच वाईट असेल तर कळांच्याही भानगडीत न पडता थेट सिझर. पण ३७ व्या आठवड्यात एकदाच तक्रार आणि सगळे रिपोर्ट चांगले? तिथे माझं उत्तर नाही. तेव्हा काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास आणि कावीळ होण्याचा धोका जास्त.

तुमच्या ३९ च्या पहिलटकरणीला मी स्कोअर सांगेन आणि तिलाच ठरवू देईन. स्कोअर ३ असताना घरी जाऊन दोन दिवसांनी परत येणं हाही शहाणा निर्णय आहे.

आरोग्यसेविका_काणकोण
घर म्हापशात असेल तर. आमच्या बाईने ३९ ला दाखल व्हावं, हेच मी सांगेन. फक्त जेल लागण्याआधी तिने विचारून घ्यावं: स्कोअर किती, बलून मिळेल का, कळा सुरू झाल्यावर ठोके सतत बघणार की अधूनमधून, आणि रात्री दोनला सिझर लागलं तर भूलतज्ज्ञ त्याच इमारतीत आहे की बोलवावा लागेल. बोलवावा लागणार असेल तर जेल तिथे लावून न घेता मडगावच्या जिल्हा हॉस्पिटलात किंवा बांबोळीला जावं, आणि तेही कळा सुरू होण्याआधी.