मदत हवी आहे : उद्यमबागेत शेड पाडून फ्लॅट झाले, तर शेजारची फौंड्री टिकेल का?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावातल्या टिळकवाडीचा. इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आजोबांनी घातलेलं मशिनशॉप वडील आणि मी चालवतो. कधीकाळी सहा लेथ होते, आता दोन फिरतात. आमच्या गल्लीत आठ शेड. चारांना कुलूप, एकात प्लायवूडचं गोडाऊन, एक नुसताच चिंचेच्या झाडाखाली गंजतोय. उद्यमबाग बंद पडलीय असं म्हणत नाही हं, मोठ्या रस्त्याला सकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही. पण मागच्या गल्ल्या बघा की. मोठा ट्रक वळत नाही, म्हणून मोठं काम मच्छे-होनग्याच्या औद्योगिक वसाहतींकडं गेलं, आणि पोरं पुण्याला.

आता एक बिल्डर आलाय. सात शेड एकत्र करायचे, खाली दुकानं आणि छोटी ऑफिसं, वर फ्लॅट, मधे मोकळी जागा. ‘मिक्स्ड यूज’ हा शब्द तासाभरात दहा वेळा ऐकला. चित्र देखणं आहे. फक्त आठव्या शेडच्या जागी त्यानं हिरवळ रंगवलीय, आणि तिथं मामांची फौंड्री (लोखंड वितळवून ओतायचा कारखाना) आहे. (सख्खे मामा नव्हेत, सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणते.) ते विकणार नाहीत. आमचं निम्मं कास्टिंग त्यांच्याकडूनच येतं. त्यांच्या मोल्डिंग मशिनचा दणका बसला की आमच्या टेबलावरची व्हर्नियरची पेटी बोटभर सरकते. भट्टी लागते त्या दिवशी दुपारनंतर दोरीवरचे कपडे आत घ्यावे लागतात. आम्हाला सवय आहे. पण कर्ज काढून तिसऱ्या मजल्यावर राहायला येणारा माणूस महिनाभरात तक्रार करणार, त्याचंही चूक नाही.

वडील म्हणतात, सही करू नको. मी म्हणतो, कुलपं किती वर्षं सांभाळायची?

अडचण कागदांचीही आहे. आजोबांच्या वेळचे काही कागद मराठीत, नंतरचे सगळे कन्नडमध्ये, आणि एका शेजाऱ्याची जागा अजून लीजवरच. शिवाय मागच्या अंगणात चाळीसेक वर्षांची फौंड्रीची काळी वाळू भरलीय, पावसाळ्यात पाणी त्यातून विहिरीकडं झिरपतं. अशा जागेचं कुणी केलंय का? आधी काय बघायचं? आणि मामांना न उठवता हे जमतं का?

नकाशावाला :
आधी लीज. लीजवरची जागा तुमचा शेजारी विकूच शकत नाही, विक्रीखत झालंय का ते बघा. मग मास्टर प्लॅनमध्ये तो पट्टा औद्योगिक दाखवलाय का ते ‘बुडा’त, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणात, जाऊन पाहा. असेल तर वापर बदलायला कर्नाटकच्या १९६१ च्या नगर नियोजन कायद्याचं १४-अ कलम लागतं. त्यासाठी वर्तमानपत्रात जाहीर सूचना निघते, हरकतीला किमान १५ दिवस मिळतात. ती सूचना कन्नड पेपरात आली तर तुमच्या गल्लीत कुणी वाचणार आहे का, ते आत्ताच ठरवा. गंमत नाही, यात लोक खरंच चुकतात.

आता मामांचं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत औद्योगिक भागाला दिवसा ७५ डेसिबल चालतात, व्यापारी भागाला ६५, निवासी भागाला फक्त ५५. रात्री १० ते सकाळी ६ निवासीला ४५. म्हणजे पट्टा निवासी ठरला की मामांनी एक खिळाही न हलवता ते गुन्हेगार ठरतील. आधी कोण आलं, हे डेसिबलचं यंत्र विचारत नाही. मिश्र वापराच्या भागाला यातली कुठली मर्यादा लावायची ते अधिकारी ठरवतात, तेव्हा भांडायचं तर तिथं भांडा. आणि बिल्डरला सांगा, मामांच्या भिंतीकडं पार्किंग आणि दुकानं घाल, बेडरूमच्या खिडक्या पलीकडं वळव.

काळी वाळू हलक्यात घेऊ नका. रेझिननं (रासायनिक गोंदानं) बांधलेली असेल तर त्यातून फिनॉलसारखं विषारी रसायन पाण्यात उतरतं. चार ठिकाणी खोल खणून माती आणि विहिरीचं पाणी तपासून घ्या, पाया तर भरावावर धरणारच नाही. ती उचलायचा खर्च कुणाचा, हे करारात हवं.

जुना लालबागकर :
‘मधे मोकळी जागा’ हे शब्द वाचून लिहितोय. मुंबईत १९९१ च्या नियमावलीतल्या ५८ व्या नियमानं गिरणीच्या जमिनीचा साधारण एक हिस्सा महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला असा हिशेब होता. २००१ च्या दुरुस्तीनं तो हिशेब फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीला लागू राहिला. शेड उभे होते ती जमीन त्यातून सुटली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानंही दुरुस्ती उचलून धरली. एका शब्दाच्या व्याख्येत आमची मैदानं गेली, दादा. नकाशावर किती गुंठे, कुणाच्या नावावर, गेट कुणाला उघडं, एवढं लिहून घ्या.

वडगावकर :
आमच्याकडं खाली माग, वर घर. याला मिक्स्ड यूज म्हणतात हे आज कळलं! नवा भाडेकरू आला की पहिला महिना कुरकुर करतोच. आम्ही मागाखाली रबराचे पॅड घातले, नऊला बटण बंद करतो, आणि भाड्याने देतानाच आवाज ऐकवतो. दुपारी चार माग चालू असतानाच घर दाखवायचं. रविवारी कुणालाच दाखवायचं नाही.

धागाकर्ता :
सगळ्यांचे आभार. लीजच्या कागदासाठी दोन्ही भाषा वाचणारा वकील शोधलाय. बिल्डरला काळ्या वाळूबद्दल विचारलं, त्याने विषय बदलला. संध्याकाळी वडगावकरांचं रबर पॅडचं मामांना सांगितलं. म्हणाले, “पॅड घालतो, मशीनही पलीकडच्या भिंतीला नेतो. पण फौंडेशनचा खर्च बिल्डरनं द्यायचा, आणि माझी फौंड्री त्या चित्रात काढून दाखवायची.” पुढच्या बैठकीत पहिलं हेच मांडतो. मशीन सरकवायला साधारण किती खर्च येतो, कुणी नुकतंच केलं असेल तर सांगा.